बाळास दूध कोणत्या पक्षाच्या घरी पाजले?

माझ्या नोकरीच्या फाइलीत एक तक्रार अर्ज आहे. त्यातलं मुख्य वाक्य मला पाठ आहे : ‘सदर मोजणीचे वेळी मोजणीवाल्या बाई यांनी आपले बाळास अर्जदार यांचे घरात बसून दूध पाजले व त्यांचे घरचे पाणीही प्याल्या, सबब मोजणी एकतर्फी झालेली असून ती रद्द व्हावी.’

खाली सही आहे आणि सहीशेजारी अंगठाही आहे. तक्रारदाराला सही येत होती, पण त्या दिवशी राग सहीत मावला नसावा.

मी शमीम. ईट गावची लेक, कळंबची सून. सरकारी भाषेत माझं पद भूकरमापक. हा शब्द एका दमात उच्चारणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. लोक ‘मोजणीवाल्या मॅडम’ म्हणतात आणि मला ते पुरतं. काम सोपं सांगते. दोन शेतांच्या मधला बांध दर वर्षी नांगराच्या फाळानं बोटभर सरकतो. आपला नांगर तो कधी सरकवत नाही, नेहमी शेजाऱ्याचाच सरकवतो. मग एक जण अर्ज करतो. आम्ही आजूबाजूच्या सगळ्यांना नोटिसा पाठवतो, ठरल्या दिवशी यंत्र घेऊन जातो, जुन्या नकाशातली हद्द जमिनीवर शोधतो आणि खुणा दाखवतो. मोजायला दोन-तीन तास लागतात. उरलेला दिवस ऐकून घेण्यात जातो.

ऐकायला मात्र मिळतं. एक आजी हद्दीच्या दगडावर बसून राहिल्या होत्या. म्हणाल्या, “ह्यो हद्दीचा दगुड न्हाय बाई. म्या लगीन करून आले तवापसून ह्येच्यावर धुणं धुती.” उठायला तयार नव्हत्या. चहा आल्यावर कप घ्यायला उठल्या आणि दगडावर कोरलेली खूण सगळ्यांनी पाहिली. एका गृहस्थांनी आम्ही यायच्या आधीच बायकोच्या नऊवारीनं शेत मोजून ठेवलं होतं आणि मला कागदावर आकडा दिला होता : पंधरा लुगडी आणि एक पदर. पदर किती धरायचा हे विचारल्यावर नवरा-बायकोतच वाद लागला. तो मिटवायला आमच्याकडं नकाशा नव्हता.

आता त्या तक्रारीकडं येते.

सना झाली तेव्हा मला नोकरीत पाच-सहा वर्षं झाली होती. सहा महिन्यांची रजा संपली आणि मी कामावर गेले. जायच्या आधी तयारी चोख केली होती. बाटली आणली. बाटली नको तर बोंडलं, बोंडलं नको तर वाटी-चमचा. मेडिकलमधून दूध काढायचा रबरी फुग्याचा पंप आणला. माझे मालक रफीक, कळंबला त्यांचं मोटारसायकल दुरुस्तीचं गॅरेज आहे. त्यांनी तो पंप उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, “ह्याचा वॉशर ढिला आहे.” आणि खरंच बसवून दिला.

आमच्या ऑफिसात बाईमाणसानं दार लावून बसावं अशी एकच खोली होती, जुन्या नकाशांची. लाल फडक्यात बांधलेले गठ्ठे छतापर्यंत, त्यात निजामाच्या काळातले उर्दूतले कागदही. त्या कागदांच्या राज्यात मी दुपारी पंप घेऊन बसायची आणि बाहेर स्टुलावर आमचे रेकॉर्ड सांभाळणारे भोसलेकाका पहारा द्यायचे. कुणी आत जायला लागलं की त्यांचा आवाज यायचा, “थांबा. आत नकाशे वाळत घातल्यात.” लोक खुशाल थांबायचे. एकानं तर विचारलं, “भिजले कशानं?” काका म्हणाले, “सरकारी काम हाय.”

इतकं करून नेलेलं दूध सनानं चाखलंसुद्धा नाही. वाटी दिसली की तोंड फिरवायची, चमचा लागला की थुंकायची, बाटलीला तर असा हात मारायची की ती पलंगाखाली जायची. दिवसभर उपाशी राहायची आणि मी घरी आले की माझ्यावर तुटून पडायची. पोट भरलं की परत आजीकडं. माझ्या मांडीवर दोन मिनिटं जास्त बसायची नाही. एकदा मी उन्हातून आले, तोंडाला स्कार्फ तसाच होता, तर मला बघून तिनं जो टाहो फोडला तो शेजारच्या गल्लीत ऐकू गेला. सासूबाईंनी तिला उचललं आणि ती गप्प झाली. मी तिथंच स्कार्फ सोडत उभी राहिले.

सासूबाईंना मी अम्मी म्हणते. माहेर त्यांचं तेरखेड्याचं. घरात त्या दखनी बोलतात, मी इथं त्यांचं बोलणं मराठीतच लिहिते, नाहीतर अर्धा अंक त्यांनाच लागेल. पाच दिवस हा तमाशा पाहून सहाव्या दिवशी त्या म्हणाल्या, “उद्यापासून आम्ही दोघी तुझ्याबरोबर येणार.”

“कुठं?”

“जिथं तू जाशील तिथं. शेतात झाडं असतात ना? झोळी बांधते.”

“अम्मी, सरकारी काम आहे. साहेब काय म्हणतील?”

“विचार त्यांना.”

विचारलं. आमचे साहेब नियमांचे भोक्ते. त्यांनी खरोखर नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा पुसला, पानं चाळली. “मोजणीला बाळ आणावं असं कुठं लिहिलेलं नाही,” ते म्हणाले. माझा चेहरा पडला. “आणू नये असंही लिहिलेलं नाही,” त्यांनी पुस्तक मिटलं.

तेव्हापासून आमची स्वारी ठरलेल्या रिक्षातून निघायची. पुढं ड्रायव्हरशेजारी यंत्राची तिपाई, मागं मी, यंत्राची पेटी, अम्मी, सना, आणि अम्मींच्या पिशवीत लंगोट, पाण्याची बाटली, दुपट्टे आणि एक जुनी साडी. ती साडी बाभळीला बांधली की झोळी, रिक्षाला बांधली की पडदा. मोजणीच्या ठिकाणी पोहोचल्यावर लोक आधी यंत्र बघायचे, मग अम्मींना, आणि विचारायचे, “ह्या मोठ्या मॅडम का?” अम्मी ‘हौ’ म्हणायच्या.

बायका लगेच गोळा व्हायच्या. प्रत्येकीकडं सल्ला होता. मेथीचे लाडू खा, शेपू खा, बाजरीची खीर पी, उन्हातून आल्या आल्या पाजू नको, आधी घोटभर पाणी पी. एका मावशींनी मला पाजताना पाहून माझा हात धरून सरळ केला, “असं वाकू नको, पाठ जाईल. लेकराला वर घे, तू खाली जाऊ नको.” हे मला दवाखान्यात कुणी सांगितलं नव्हतं. पाठ त्या दिवसापासून दुखायची थांबली.

आणि एक गंमत झाली. झोळीत सना झोपलेली असली की भांडणाचा आवाज खाली यायचा. एरवी बांधावर दोन भाऊबंद उभे राहिले की शिवारात ऐकू जायचं. आता अम्मी नुसतं बोट ओठावर ठेवायच्या. मी दोन मिशाळ माणसं एकमेकांच्या कानाशी लागून भांडताना पाहिली आहेत.

“तुझ्या आज्यानं तरी नांगुर सरळ धरला व्हता का?”

“आज्यावर जाऊ नगंस.”

“हळू बोल, लेकरू उठंल.”

असं कुजबुजत भांडण फार वेळ टिकत नाही, दम लागतो. त्या चार-पाच महिन्यांत माझ्या मोजण्या जितक्या लवकर उरकल्या तितक्या पुन्हा कधी उरकल्या नाहीत.

मग माणिकराव आणि दिगंबर यांचं प्रकरण आलं. चुलतभाऊ, कळंबपासून अर्ध्या तासावरचं गाव. नाव सांगत नाही, अजून तिथं माझं जाणं-येणं आहे. मधल्या बांधालगत दोन-अडीच हात रुंदीची एक पट्टी. अर्ज माणिकरावांचा. पट्टी दिगंबर कसत होते.

त्या दिवशी वारा इतका होता की झोळी बांधली की उडायची आणि सना झोपेना. दुपारी ती भुकेनं रडायला लागली. माणिकरावांचं घर शेतातच होतं. त्यांच्या मालकीण बाई पळत आल्या, “या मॅडम, आत या, धूळ चाललीय लेकराच्या तोंडात.” मी गेले. बाजेवर बसून पाजलं. त्यांनी तांब्याभर पाणी दिलं, मी प्याले. पाजणाऱ्या बाईला तहान कशी लागते हे पाजणारीलाच माहीत. मग बाहेर येऊन मोजणी पुरी केली. पट्टी माणिकरावांची निघाली.

आठ दिवसांनी दिगंबरांचा अर्ज आला.

साहेबांनी मला लेखी खुलासा मागितला. मी लिहिला : ‘बाळास भूक लागली होती. भुकेस अर्जदार व सामनेवाला हा भेद कळत नाही. सबब जवळचे घरात पाजले.’ साहेबांनी मधलं वाक्य खोडायला लावलं. “बाई, तुमचं माप बरोबर आहे हे मला माहीत आहे,” ते म्हणाले. “पण त्या माणसाला ते माहीत नाही. पुन्हा मोजू. मी स्वतः येतो. तुम्ही फक्त दांडा धरा.”

मला लागलं. भोसलेकाकांनी चहा आणून दिला तो मी प्याले नाही. आजवर माझ्या मापावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, आणि ठेवलं तर कशावरून, पोरीला पाजलं म्हणून! घरी येऊन मी अम्मींना सांगितलं की उद्यापासून सनाला घरीच ठेवा, प्याली तर पिऊ दे वाटीनं, नाही तर राहू दे. अम्मींनी ऐकून घेतलं. सकाळी मी रिक्षात बसले तर त्या आधीच सनाला घेऊन आत बसलेल्या.

दुसऱ्या मोजणीला मी पक्कं ठरवलं होतं : ह्यांच्या घरी नाही, त्यांच्या घरी नाही, कुणाच्या झाडाखालीसुद्धा नाही. रिक्षा गाडीवाटेवर उभी केली. वाट सरकारी, रिक्षा आमची, पडद्याची साडी अम्मींची. पाणीसुद्धा घरून आणलेलं. दोन्ही घरची माणसं बांधावर समोरासमोर उभी होती. दिगंबरांची सून रेखा आपलं चार महिन्यांचं पोरगं खांद्यावर घेऊन सासऱ्याच्या मागं उभी होती.

तेव्हाचं आमचं यंत्र तिपाईवर बसवायचं असायचं. एकानं यंत्रातून बघायचं आणि दुसऱ्यानं आरसा लावलेला दांडा घेऊन शेताच्या कोपऱ्याकोपऱ्यावर जाऊन उभं राहायचं. दांडा सरळ हवा. हलला की आकडा चुकला. साहेब यंत्रापाशी, मी दांडा घेऊन पार शेवटच्या कोपऱ्यात, आणि तिकडून सना रडायला लागली.

आधी कुरकुर, मग हुंदके, मग तो नेहमीचा टाहो. साहेब हातानं खूण करत होते : हलू नका. मी हलले नाही. पण अंगातलं दूध साहेबांची खूण मानत नाही. पान्हा फुटला आणि ओढणी भिजली. मी दोन्ही हातांनी दांडा धरून उभी, पुसायलाही हात मोकळा नाही. त्या दोन-तीन मिनिटांत मी नोकरीला, चुलतभावांना आणि जमीन शोधून काढणाऱ्या पहिल्या माणसाला मनातल्या मनात जे बोलले ते छापण्यासारखं नाही.

आणि रडणं एकदम थांबलं.

साहेबांनी हात खाली केला तशी मी दांडा तिथंच रोवला आणि ढेकळांतून पळत सुटले. रिक्षापाशी पोहोचले. पडदा बाजूला केला. आत रेखा बसली होती, मांडीवर सना. सना डोळे मिटून गटागटा पीत होती. एका हातात रेखाचं मंगळसूत्र गच्च धरलेलं. रेखाचं पोरगं अम्मींच्या मांडीवर टकामका बघत होतं.

रेखा घाबरली. “मामंजींनीच सांगितलं मॅडम. लई रडत व्हती.”

मी वळून पाहिलं. दिगंबर बांधावर पाठ फिरवून उभे होते. अम्मींनी नंतर सांगितलं, पोरगी रडायला लागल्यावर ते दोनदा रिक्षापर्यंत आले, दोनदा परत गेले, आणि मग सुनेवर खेकसले, “बघतीस काय नुसती? घी की त्या लेकराला!”

बाटली, बोंडलं, वाटी, चमचा, सगळ्याला नाही म्हणणारी माझी लेक. मला ‘बरं झालं बाई’ म्हणायचं होतं. मी नुसतीच तिथं उभी राहिले, ओढणी सारखी करत.

तेवढ्यात मागून माणिकरावांचा आवाज आला. “साहेब, ह्ये बी लिहून घ्या. लेकरानं त्यांच्या घरचं दूध पेलं. आमी तर नुसती बाज दिली व्हती.”

साहेबांनी शांतपणे कागद काढला. “लिहून द्या. सही कुठं करायची माहीत आहे?” माणिकरावांनी खरंच लिहून दिलं. तो दुसरा अर्जही फाइलीत आहे, पहिल्याच्या पाठीला टाचलेला.

संध्याकाळपर्यंत माप पुरं झालं. हद्द जिथं मी दाखवली होती तिथंच आली. साहेबांनी खुणा दाखवल्या आणि सगळे दिगंबरांकडं बघायला लागले. मला वाटलं, आता हा माणूस तिसरा अर्ज करणार. ते खुणेपाशी उकिडवे बसले.

“आमच्या सुनेनं पाजलं,” ते सावकाश म्हणाले, “तरी माप तितंच आलं. म्हंजी खरं आसंल.”

आणि त्यांनी सही केली. अंगठा नाही केला. चुलतभावाकडं मात्र बघितलं नाही, आणि माझ्या माहितीप्रमाणं ते दोघं अजूनही बोलत नाहीत. मोजणीनं हद्द सापडते, बाकीचं सापडेलच असं नाही.

येताना रिक्षात सना तृप्त होऊन अम्मींच्या मांडीवर झोपली होती. अम्मींनी माझ्याकडं बघितलं. “जळतंय?”

मी नाही म्हणाले. मग म्हणाले, “अम्मी, मी नुसती दुधापुरती होते तिला. आज तेही दुसऱ्या कुणाचं चाललं.”

येरमाळ्याकडं जाणारी एक एसटी धूळ उडवत गेली. मग अम्मींनी मला जे सांगितलं ते लग्नाला चार वर्षं होऊनही मला कुणी सांगितलं नव्हतं.

रफीक तान्हे होते तेव्हा हे लोक तेरखेड्यातच राहायचे आणि अम्मी फटाक्याच्या कामाला जायच्या. सुतळी गुंडाळायची, दारू भरायची. तिथं लेकरू नेता येत नाही, नेऊही नये. घरी आल्यावर लेकराला हात लावायच्या आधी डोक्यावरून आंघोळ, कपडे बदलायचे, राखेनं हात घासायचे. तोवर रफीक रडून रडून झोपलेले. दोन महिन्यांत अम्मींचं दूध आटलं. शेजारच्या कमलमावशींना तेव्हाच मुलगी झाली होती. त्यांनी आपल्या लेकीबरोबर रफीकनाही पाजलं.

मी कमलमावशींना ओळखत होते. ईदच्या दिवशी नमाज झाली की रफीक घरी यायच्या आधी तेरखेड्याला त्यांच्याकडं जाऊन येतात. मला वाटायचं, शेजार जपतात.

“म्हणजे ते त्यांचे झाले?” मी विचारलं.

“हौ, झाला ना. अजून आहे,” अम्मी म्हणाल्या. “मी लई जळले तेव्हा. माझ्या अंगाला दारूचा वास, जवळ घेतलं की तोंड फिरवायचा. मग चालायला लागला. एक दिवस मी कामावरून येत होते, तर दारातून निघाला आणि धडपडत सरळ माझ्याकडं आला. आंघोळ केलेली नव्हती, कपडे बदललेले नव्हते. तसाच येऊन पायाला चिकटला.”

“मग काय केलंत?”

“काय करणार? हात वर धरून उभी राहिले. हाताला दारू होती ना.” आणि त्या हसायला लागल्या, इतक्या की सना दचकली. “म्हणून तुझ्यामागं येते मी झोळी घेऊन. मला जमलं नाही. तुला का जमू नये?”

त्या ईदला अम्मींनी शीरखुर्म्याचा एक डबा रेखाकडं पाठवला. तिकडून डबा परत आला तो चिंचा भरून. तेव्हापासून सनाला सगळं गाव रेखाच्या पोराची दूधबहीण म्हणतं. तो आता सहा फूट झालाय आणि ही त्याच्यावर अजून दादागिरी करते.

सना दीड वर्षाची झाली तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की आता अंगावरचं तोडायचं. मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली, कारण लिहिलं ‘घरगुती काम’. साहेबांनी काहीही न विचारता सही केली. कडू लागून पोर सोडेल म्हणून अम्मींनी कडुनिंबाचा पाला वाटून ठेवला. रफीक म्हणाले, “मी आज गॅरेजवरच जेवतो, हे मला बघवणार नाही.” मी मनाची तयारी करून बसले होते : रडेल, आपटेल, ओढणी ओढेल, मी हलायचं नाही.

सनानं दिवसभर काहीही मागितलं नाही. सकाळी पोळी-गूळ खाल्ला. दुपारभर पातेल्याचं झाकण फरशीवर फिरवत बसली. मी दोनदा मुद्दाम तिच्यासमोरून गेले, म्हटलं आठवण होते का बघू. तिनं मान वर केली नाही. इतके महिने जीव टांगणीला लावणारा प्रकार आणि तो असा संपत होता, मला न विचारता. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं. अम्मी बाहेरून म्हणाल्या, “लेकीचं तोडायचं होतं की तुझं?”

दिवेलागणीला ती झाकण सोडून उठली, मी दारात बसले होते तिथं आली आणि मांडीवर चढली. मी ओढणी गच्च धरली आणि पाठ केलेलं सांगायला लागले, “नाही सनू, आता नाही, आता तू मोठी झालीस...” ती ऐकतच नव्हती. तिनं डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली आणि समोरच्या तारेवरचे पक्षी बघत बसली. मध्येच बोट दाखवून मलाही बघायला लावलं.

अम्मींनी आतून खिचडीसाठी हाक मारली. थोड्या वेळानं नाव घेऊन पुन्हा मारली. एरवी आजीच्या एका हाकेला रांगत-धावत जाणारी सना जागची हलली नाही. माझ्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मीही हलले नाही.